चिमूटभर दुधाची उष्णता

माझं दूध पातळ आहे, हा निकाल आमच्या स्वयंपाकघरात एकमताने लागला तेव्हा मी तिथेच बसले होते. पण माझं मत कुणी विचारलं नाही. आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत न्यायालयात असते, स्वयंपाकघरात नसते.

निकाल देणाऱ्या दोघी होत्या. एक माझी आई. ती बाळंतपणासाठी आमच्याकडे राहायला आली होती. दुसऱ्या समोरच्या दारातल्या काकू. त्या राहायला आल्या नव्हत्या, फरक एवढाच. काकूंनी चार मुलं वाढवली आहेत. त्यामुळे मुलं वाढवण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असतो, आणि बाकीच्या सगळ्या बाबतींत पहिला. त्या म्हणाल्या, "अंगठ्याच्या नखावर एक थेंब घे. ठरला तर दूध घट्ट. ओघळला तर पातळ."

मी घेतला. थेंब नखावर क्षणभर थांबला, आम्हा तिघींकडे बघितल्यासारखं केलं, आणि सरळ मनगटापर्यंत निघून गेला.

"ओघळला," काकू म्हणाल्या.

"पाण्यासारखं गं अगदी," आई म्हणाली. माझी आई मनाला लागेल असं मुद्दाम कधी बोलत नाही. तिचं सहज बोललेलंच लागतं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नख तिरकं धरलं तर त्यावरून काहीही ओघळेल, यात दुधाचा दोष नाही, नखाचा आहे, असं मी समजावून सांगायला लागले. काकूंनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मी नख पुसून टाकलं. शिकलेल्या बायका अडचणीत आल्या की असंच बोलतात, हे त्या मायेत स्वच्छ लिहिलेलं होतं.

ज्या व्यक्तीवरून हे सगळं चाललं होतं ती माझ्या मांडीवर झोपलेली होती. तिला आम्ही मुठी म्हणतो. नर्सनं ती पहिल्यांदा हातात दिली तेव्हा नवरा म्हणाला होता, "एवढीच?" जसं काही उरलेली मागाहून येणार होती. मुठीएवढी होती म्हणून मुठी. आणि काळजीची गोष्ट ही होती की महिने उलटले तरी ती मुठीच राहिली होती. डॉक्टरबाईंच्या काट्यावर तिला ठेवलं की काटा थोडासा हलायचा आणि मग आमच्याकडे पाठ फिरवून उभा राहायचा. गेल्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "वाढते आहे, पण हवी तेवढी नाही. दूध पुरत नसावं. पुढच्या खेपेपर्यंत बघू, नाहीतर वरचं सुरू करू."

वरचं म्हणजे डब्याचं. ऐकायला तीन अक्षरांची गोष्ट. पण मुठी प्यायला लागली की आधी हाताची बोटं उघडायची आणि माझ्या गळ्याजवळ काहीतरी शोधायची. हाड सापडलं की ते धरून ठेवायची, बसमध्ये उभा माणूस दांडा धरतो तशी. मधेच थांबून वर बघायची. ओठाच्या कोपऱ्यातून दूध गळत असतानाच हसायची आणि हसण्यासाठी सुटलेलं पुन्हा घाईघाईनं पकडायची. हे मला सोडायचं नव्हतं. काकूंना, आईला, डॉक्टरबाईंना मी बरीच शास्त्रीय कारणं सांगितली. खरं कारण हे एवढंच होतं.

आता रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाची एक खोड असते. त्याला कुणी 'वाईट' म्हटलं की रडू येत नाही, 'किती वाईट?' असा प्रश्न पडतो. दूध घट्ट की पातळ हे नखानं ठरवायचं नसतं. एखाद्या अन्नात किती ताकद आहे हे मोजायची सरळ रीत आहे. ते वाळवायचं, वजन करायचं, जाळायचं, आणि मोजून घेतलेलं पाणी त्या आचेनं किती अंश तापतं ते पाहायचं. पाण्यानं घेतलेली उष्णता ती त्या पदार्थाची ज्वलनाची उष्णता. मी वर्षानुवर्षं हे फळ्यावर लिहीत आले आहे. मुलांनी ते वर्षानुवर्षं न समजता उतरवून घेतलं आहे. कुणी कधी प्रत्यक्ष काही जाळलेलं नाही.

"मी मोजणार आहे," मी त्या रात्रीच्या जेवणात जाहीर केलं.

"काय?" आईनं विचारलं.

"माझं दूध. जाळून."

आईनं घास खाली ठेवला. नवऱ्यानं ठेवला नाही. तो टायरच्या कंपनीत हिशेब तपासतो. जगातली कुठलीही गोष्ट तक्त्यात बसत असेल तर ती सभ्य आहे असं त्याचं मत आहे. आम्हा मायलेकींत वाद झाला की तो म्हणतो, "मला वाटतं दोघींचंही बरोबर आहे." आताही तेच म्हणाला. लग्नाआधी मला हा त्याचा समतोल वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मुठीला आईजवळ ठेवून मी कॉलेजात गेले. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक खराखुरा कॅलरीमापी आहे. जाड पोलादी भांडं, वर झाकण, झाकणाला स्क्रू. आम्ही मुलांना त्याची आकृती काढायला लावतो. कपाटाची किल्ली भांडारपालांकडे असते आणि भांडारपाल किल्लीसारखेच आहेत: बारीक, थंड आणि एकाच कुलुपाला लागणारे.

"मॅडम, तुम्ही रजेवर आहात," ते म्हणाले. "रजेवरच्या माणसाला सामान देता येत नाही."

"आठवडाभरासाठीच हवंय हो."

"मग असं करा. रजा रद्द करा, कामावर रुजू व्हा, सामान घ्या, आणि परत रजेवर जा."

"असं करता येतं?"

"नाही."

मी खुर्ची ओढून बसले. भांडारपालांना बसलेला माणूस आवडत नाही, त्याला लवकर घालवायचं तर काहीतरी द्यावं लागतं. त्यांनी अर्जाचा कागद पुढे ओढला. "कशासाठी हवंय?"

"एका पदार्थाची ज्वलनाची उष्णता मोजायची आहे."

"पदार्थ?"

"दूध."

"कुठल्या जनावराचं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दोन मुलं फुटबॉलवरून भांडत होती. "घरचं आहे," मी म्हटलं.

"घरी जनावर ठेवलंय तुम्ही? फ्लॅटमध्ये?"

मानी माणसानं अशा वेळी काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी "हो" म्हटलं.

"मग लस टोचल्याचा दाखला जोडा."

शेवटी मला कॅलरीमापी मिळाला नाही तो नाहीच, पण उठता उठता भांडारपालांना माझी दया आली. त्यांनी खालच्या खणातून एक तापमापी काढला. "हा घेऊन जा. हा फुटलेला आहे."

तापमापी अगदी धडधाकट होता. खालचे काही आकडे पुसले होते एवढंच.

"कागदावर फुटलेला आहे," ते म्हणाले. "फुटलेली वस्तू न्यायला परवानगी लागत नाही. फक्त फोडू नका. फुटलेली वस्तू पुन्हा फुटली तर ते दाखवायचं कसं?"

कागदोपत्री फुटलेला तो तापमापी ओढणीत गुंडाळून मी घरी आणला. उरलेला कॅलरीमापी आम्ही घरीच केला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, तळ कापलेला, त्याच्या आत छोटा डबा, मधल्या पोकळीत जुन्या उशीचा कापूस. छोट्या डब्यात पाणी, पाण्यात तापमापी, खाली बाटलीच्या बुचात उभी टोचलेली सुई आणि सुईच्या टोकावर जो कोण जळायचा असेल तो. वरच्या मजल्यावर निवृत्त ओव्हरसियर काका राहतात. आमच्या इमारतीत कुणी खिळा ठोकला तरी ते चौकशीला येतात. ते आले, डब्याभोवती फिरले, डोळा मिटून एका बाजूनं पाहिलं.

"पाया कच्चा आहे," ते म्हणाले.

"काका, हा डबा आहे."

"म्हणूनच. आणि उतार कुठाय? पाणी जाणार कुठून?"

"पाणी जाऊच नये असं आहे ते."

"सगळे आधी असंच म्हणतात," काका म्हणाले आणि जिन्यानं वर गेले.

पण डबा ही सोपी बाजू होती. अवघड बाजू दुधाची. दूध वाळवायचं म्हणजे आधी काढायचं. दुधात बहुतेक पाणीच असतं, आणि हे मी सगळ्यांच्या दुधाबद्दल बोलते आहे, कृपया नोंद घ्यावी. वाटीभर दूध उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ताटलीत ठेवून वाळवलं की हाती लागतो तो पिवळसर चिकट पापुद्रा. खरवडला तर चिमूटभर. पहिली चिमूट मी खिडकीत वाळत ठेवली आणि काकूंच्या मांजरीनं ती ताटलीसकट चाटून साफ केली. मांजरीला ते पातळ वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

दुसरी ताटली मी मुठीला आंघोळ घालता घालता विसरले. काकूंनी दारातून हाक मारली, "काय जळतंय गं?"

"अजून काही जळलेलं नाही," मी आतून ओरडले. "जळायचं आहे."

"मग करपतंय काय?"

करपलेला नमुना शास्त्राला चालत नाही. तिसरी ताटली. मग एवढ्यानं भागणार नाही, दोनतीनदा मोजून सरासरी काढावी लागेल, म्हणून चौथी आणि पाचवी. त्या दिवसांत मुठी जास्त रडायची. प्यायला घेतलं की थोडा वेळ प्यायची, मग सोडून द्यायची, मग पुन्हा शोधायची, आणि सापडूनही रडायची.

"भुकेली आहे ती," आई म्हणाली.

"दोनच दिवस गं आई. एकदा आकडा आला की कुणी काही म्हणणार नाही."

"तिच्या तोंडचं काढून ताटलीत वाळवतेस, आणि वर आकडा म्हणतेस!"

"तूच म्हणालीस ना पाण्यासारखं?"

आई मुठीला घेऊन आत गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं. अशा वेळी जिंकल्यासारखं वाटतं, हे आता लिहिताना फार विचित्र वाटतं आहे, पण वाटलं खरं.

वाळलेल्या दुधाचं वजन करायला घरचा काटा उपयोगाचा नव्हता. तेवढ्या बारीक वजनाचा काटा गल्लीच्या तोंडाशी सोनाराकडे होता. मी पुडी घेऊन गेले तेव्हा दुकानात एक बाई बांगड्या बघत होती. मी पुडी उलगडली. पिवळसर खडे बघून तिनं बांगड्या आणि पर्स दोन्ही जवळ ओढल्या.

"हे काय आहे?" सोनारानं विचारलं.

"दूध."

त्यानं पुडी हुंगून बघितली. मग सवयीनं म्हणाला, "मोडीत घालायचंय?"

"नाही हो, फक्त वजन सांगा."

त्यानं चिमट्यानं एकेक खडा उचलून ठेवला, काचेची पेटी बंद केली, श्वाससुद्धा रोखून धरला. आयुष्यात माझ्या दुधाला एवढा मान कुणी दिला नव्हता. वजन सांगून त्यानं पुडी पुन्हा बांधली, वर दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि हळूच विचारलं, "मुलगी की मुलगा?"

"मुलगी."

"बरी आहे ना?"

मी "हो" म्हटलं आणि निघाले. दुकानाच्या पायरीवर उगीचच डोळ्यांत पाणी आलं. गल्लीत धूळ फार असते.

पहिला प्रयोग न्हाणीघरात झाला, कारण गॅलरीत वारा होता. नवरा तापमापी वाचायला बसला. मी काडी ओढून खडा पेटवला. तो आधी रुसला, मग काळा झाला, मग एकदम भडकला आणि त्यातून असा काही धूर निघाला की न्हाणीघराच्या छताला ढग लागला.

"किती झालं?" मी ओरडले.

"वरून बघायचं की खालून?" नवऱ्यानं विचारलं.

"रेघ बघ रे! रेघ!"

"रेघेवर आकडा नाहीये."

धूर झरोक्यातून वर गेला आणि वर ओव्हरसियर काका होते. ते बादली घेऊनच खाली आले. दार उघडंच होतं. आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत त्यांनी पाणी ओतलं. खड्यावर, डब्यावर, तापमापीवर आणि हिशेबतपासनिसावर.

"विझली," काका म्हणाले. "उतार ठेवला असता तर एव्हाना पाणी निघूनही गेलं असतं."

दुसऱ्या वेळी नवऱ्यानं काकांना आमच्या बाहेरच्या खोलीत बसवून घेतलं आणि त्यांच्या काळच्या पुलांबद्दल विचारलं. मी एकटीनं खडा जाळला. तो पूर्ण जळला. पाणी तापलं. मी तिथेच फरशीवर बसून गुणाकार केला.

पुस्तकात जो आकडा असतो त्याच्या निम्मासुद्धा आला नाही.

आता यात नवल काहीच नव्हतं. डब्याच्या प्रयोगात अर्ध्याहून जास्त उष्णता पाण्यात जातच नाही. ती पत्र्यात जाते, हवेत जाते, छत काळं करण्यात जाते. वर्गात एखाद्या मुलानं हा आकडा आणला असता तर मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं असतं, अरे, उष्णता निर्माण झालीच, फक्त तुझ्या पाण्यापर्यंत पोचली नाही. पण त्या ओल्या फरशीवर मला हे कुणी म्हटलं नाही. मी फक्त आकड्याकडे बघत होते. पातळ. पाण्यासारखं. आकडासुद्धा काकूंच्या बाजूला गेला होता.

नवरा दारात येऊन उभा राहिला. त्यानं आकडा पाहिला, मग मला पाहिलं, आणि 'दोघींचंही बरोबर आहे' असं म्हणाला नाही. खाली बसला. कागद उलटा ठेवून म्हणाला, "ऑफिसात आम्ही काटा खोटा आहे का हे बघायला माहीत असलेलं वजन ठेवून बघतो."

बरोबर होतं. ज्याची उष्णता आधीच माहीत आहे असं काहीतरी याच डब्याखाली जाळायचं. जेवढी गळती त्याची, तेवढीच माझी. मग तुलना खरी. आणि तुलना बरोबरीच्याशी व्हायला हवी. एकाच गोष्टीच्या डब्यावर आकडा छापलेला असतो आणि ती दुधाच्या जवळची असते.

मी औषधाच्या दुकानात जाऊन बाळांच्या दुधाच्या भुकटीचा डबा मागितला.

"बाळ किती महिन्यांचं?" दुकानदारानं विचारलं.

"तिच्यासाठी नाही."

"मग?"

"जाळायचा आहे" हे मी गिळलं. त्यानं डबा दिला. डब्यावर एक गुटगुटीत बाळ होतं, त्याच्या गालांत आमची मुठी दोनदा मावली असती. डब्याबरोबर त्यानं एक दूध पाजायची बाटली ठेवली.

"बाटली नको आहे."

"फुकट आहे हो. घेऊन ठेवा, लागतेच."

घरी येऊन मी डबा आणि बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. आईनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरून इतक्या दिवसांचं काहीतरी उतरलं. "आणलास?" ती म्हणाली. "बरं केलंस बाई."

"प्रयोगासाठी आहे तो. जाळायला."

डब्याला हात लावून आईनं तो फळीच्या कडेपासून आत सरकवला, पडू नये म्हणून. एवढंच.

शेवटची मोजणी रविवारी सकाळी. ओल्या बोटांनी भुकटीच्या गोळ्या वळून, वाळवून सोनाराकडून तोलून आणल्या होत्या, माझे खडे सोनाराच्या पुडीत होते. काका त्या दिवशी बहिणीकडे गेलेले. नवऱ्यानं पुसलेल्या रेघांवर शाईनं नवे आकडे घातले होते. आम्ही दार लावून बसलो. एकदा डब्याची भुकटी, एकदा मी. पुन्हा डबा, पुन्हा मी. प्रत्येक वेळी पाणी नवं, तेवढंच.

मधे मुठी रडायला लागली.

"आई, पाच मिनिटं!" मी आतून म्हटलं. खडा सुईवर होता, पेटलेला. पेटलेला खडा सोडून उठता येत नाही. उठलं तर पुन्हा दूध काढायचं, पुन्हा वाळवायचं. रडणं वाढलं. नवरा म्हणाला, "मी जाऊ का?" मी म्हटलं, "तू रेघ सोडू नकोस." मग रडणं थांबलं. झोपली असेल, असं मला वाटलं. ती शांतता इतकी बरी वाटली की उरलेली मोजणी मी जराही न चुकता केली.

आकडे आले. नवऱ्यानं दोनदा तपासले. वजनाला वजन, चिमटीला चिमूट, माझं दूध डब्यापेक्षा सरस निघालं. फार नाही, थोडंसं. पण दोन्ही वेळा.

मी कागद घेऊन बाहेर धावले. तोंडाला काजळी, केसांना धुराचा वास. आई खिडकीपाशी बसली होती. तिच्या मांडीवर मुठी होती आणि मुठीच्या तोंडात बाटली. ती रडत नव्हती, झोपलेलीही नव्हती. ती पीत होती. तिच्या गिळण्याचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. असा सलग आवाज मी तिचा कधी ऐकलाच नव्हता. एक घोट संपायच्या आत पुढचा. तिच्या हाताची बोटं उघडी होती, बाटलीच्या बाजूवर पसरलेली.

आईनं वर पाहिलं. लहान मुलगी काहीतरी फोडून बसते ना, तसा तिचा चेहरा. "भूक लागली होती गं तिला," ती म्हणाली. "तू आत होतीस. हाक मारली मी."

"आई, माझं जास्त आलं," मी म्हटलं. तेवढंच माझ्या तोंडात तयार होतं.

"काय जास्त?"

"उष्णता. डब्यापेक्षा. जाळल्यावर."

आईनं कागदाकडे पाहिलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती बराच वेळ पाहत राहिली, कारण मी धरून उभी होते. मग अगदी हळू म्हणाली, "पण ती जाळते कुठं गं? ती पिते."

बाटली रिकामी झाली. मुठीचं तोंड उघडंच राहिलं आणि ती तशीच झोपली. पोटभर झोपलेलं मूल कसं दिसतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हात दोन्ही बाजूंना टाकून दिलेले. कुठेही काही शोधत नसलेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विनोद फारसा नाही. बाटलीतून दूध आपोआप येतं, आणि मुठी आळशी नसली तरी मूर्खही नव्हती. त्या संध्याकाळी मी तिला जवळ घेतलं तर तिनं पाठ ताठ केली आणि मान फिरवली. आजीकडे. मी बाजू बदलून पाहिली, खोली बदलून पाहिली, उभं राहून, चालत, अंधार करून, गुणगुणून. ती तोंड लावायची, दोन घोट घ्यायची, आणि फसवल्यासारखी रडायची. काकू म्हणाल्या, "एक दिवस उपाशी ठेव, आपोआप येईल." मी एक दुपार ठेवलं. ती दुपार मी लिहिणार नाही. काकूंनाच ते रडणं ऐकवेना, त्या येऊन माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दे गं तिला, दे काय हवं ते. माझं काय ऐकतेस." ओव्हरसियर काकांनीही आपलं मत जिन्यात दिलं. "बाटलीला उतार आहे," ते म्हणाले. "पाणी उताराकडेच जातं." आयुष्यात पहिल्यांदा काका उताराबद्दल बरोबर होते.

डॉक्टरबाईंच्या काट्यावर मुठीला ठेवलं तर काटा चांगला धावला. बाई खूश झाल्या. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. नख, डबा, सुई, सोनार. त्या हसायला लागल्या आणि मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

"दूध चांगलंच असतं हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं असतं. ते मी कधी नाही म्हटलं? कमी पडत होतं एवढंच. थोडं तुमचं, थोडं वरचं, असंही चाललं असतं." मग जरा थांबून, "आणि त्यातलंच तुम्ही वाळवायला काढत होतात?"

मी म्हटलं, "सरासरीसाठी."

त्यांनी मुठीच्या टाचेला बोट लावलं, आता तिथे मांस होतं. मुठी हसली. मीही हसले. मुलगी वाढत होती, आणि ती वाढावी म्हणूनच सगळं चाललं होतं. मग मी रिक्षात का रडत होते हे नवऱ्यानं विचारलं नाही. त्यानं मुठीला माझ्या मांडीवरून घेतलं नाही, हे फार बरं केलं.

सुरुवातीला बाटली आईच द्यायची. मी त्या वेळी खोलीबाहेर काहीतरी काम काढायचे. एके दिवशी दुपारी आईचे हात कपडे धुण्यात गुंतलेले होते आणि मुठी उठली. मी दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, तिला घेऊन खिडकीपाशी बसले. ती हुंदका देऊन बाटलीकडे झेपावली. आणि तिच्या त्या एका हुंदक्याबरोबर माझं दूध उतरलं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला की आता नको. तिच्या तोंडात बाटली होती आणि माझा ब्लाऊज पार भिजून गेला. ओल तिच्या गालापर्यंत पोचायला लागली. मी तिला जरा दूर धरलं. ती कुरकुरली. मी पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा दूर. मला एका हातानं पंचा ओढता येईना.

आई हात पुसत आली. तिनं पाहिलं. मला वाटलं, ती आता पंचा देईल किंवा मुलीला माझ्याकडून घेईल.

"हिला ओलं लागतंय," मी म्हटलं.

आईनं माझ्या पाठीमागे उशी सरकवली. मुठीचं डोकं तळव्यात धरून ते माझ्या छातीशी होतं तिथेच नीट टेकवलं.

"लागू दे," ती म्हणाली. "तिचंच आहे."